मोठ्या बाईंवरचे चार ठराव

मला नोकरी देणाऱ्यांमध्ये नववीतली एक मुलगी होती, असं मी सांगते तेव्हा लोकांना ती थट्टा वाटते. पण झालं तसंच होतं. अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला, मुख्य रस्त्यापासून जरा आत आमची मराठी शाळा. तिथे तासिका तत्त्वावर गणिताच्या बाई हव्या आहेत असं कळलं, म्हणून मी उल्हासनगरहून, कॅम्प चारमधून, दोन रिक्षा बदलून मुलाखतीला पोचले. टेबलामागे संस्थेचे सचिव होते, मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांच्या शेजारी गणवेशातली दोन मुलं बसली होती. मला वाटलं, पाणीबिणी द्यायला थांबवली असतील. सचिवांनी पदवी विचारली, अनुभव विचारला. मग मुख्याध्यापिका मुलांकडे वळून म्हणाल्या, "आता तुम्ही विचारा."

मुलगा लाजून खाली बघायला लागला. मुलीने वहीत लिहून आणलेला प्रश्न वाचला. फळ्यावर गणित सोडवताना अडलं तर मी काय करते, असा तो प्रश्न होता. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, आधी घाम येतो, मग मी मुलांना विचारते कुणाला सुचतंय का, आणि कुणालाच नाही सुचलं तर उद्या बघू म्हणते. मुलीने वहीत काहीतरी लिहून घेतलं. माझ्या आधी आलेल्या दोघांनी आम्हाला कधी अडत नाही असं सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं.

मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. प्रत्यक्षात त्या जेमतेम पाच फूट उंच होत्या. नऊवारीच्या काळातल्या वाटाव्यात अशा जाड काठांच्या सुती साड्या आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. मुलं पीटीला घालतात तसलेच. चपलांचा आवाज येतो आणि वर्ग आधीच सावध होतो, मग खरा वर्ग बघायला मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. लहानपणीच्या तापात त्यांचा डावा कान गेला होता. नवीन माणूस डावीकडून बोलायला लागलं की त्या हाताने खूण करून त्याला उजवीकडे बोलवत आणि म्हणत, "हा रिटायर झालाय." संस्थेचे पदाधिकारी आले की मात्र त्या त्यांना हटकून डावीकडची खुर्ची देत. शिपाईमामा म्हणायचे की हा योगायोग नाही.

त्यांची सगळ्यात विचित्र सवय म्हणजे अहो-जाहो. पाचवीच्या पुढच्या प्रत्येक मुलाला त्या 'तुम्ही' म्हणत. "अहो, तुम्ही आधी नाक पुसा, मग तक्रार सांगा," हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. सुरुवातीला मुलं फिदीफिदी हसायची. मग सवय व्हायची. आणि मग एक गंमत व्हायची. ज्या मुलाला घरी, रिक्षात, दुकानात सगळे अरे-तुरे करतात, ते मूल त्यांच्याशी बोलताना जरा ताठ उभं राहायचं. शर्ट खोचायचं.

स्टाफरूममध्ये मात्र त्यांची थट्टा चाले. चहा सांगू की कॉफी, असं विचारलं तरी त्या "बहुमत कशाला आहे?" असं विचारायच्या. साध्या फळ्याच्या डस्टरवर चाळीस मिनिटं चर्चा व्हायची. आम्हाला घरी जायची घाई असायची आणि या बाई सातवीतल्या एखाद्याचं अडखळत चाललेलं बोलणं संपेपर्यंत मान हलवत बसायच्या. पोरांना डोक्यावर बसवून ठेवलंय, असं आमच्यातले निम्मे लोक म्हणत. त्या निम्म्यांत पहिली दोन वर्षं मीही होते.

शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटायच्या आधी एक तास पत्र्याच्या शेडखाली सभा भरायची. पाचवी ते दहावी, प्रत्येक वर्गाचे दोघे. त्यातला एक मतं देऊन निवडलेला आणि दुसरा चिठ्ठी टाकून. हे चिठ्ठीचं प्रकरण मला अजब वाटलं होतं. मी विचारलं, तर त्या म्हणाल्या की निवडून येणारी मुलं दरवर्षी तीच असतात, मोठ्या आवाजाची, आणि शाळा फक्त त्यांची नसते. सभेत कुणीही विषय मांडायचा, बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं, मग हात वर. ठराव झाला की जाड वहीत लिहायचा आणि त्याखाली मोठ्या बाईंनी सही करायची. अभ्यासक्रम, परीक्षा आणि सरकारी नियम सोडून बाकी सगळं सभेच्या हातात, असं त्यांनी पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं.

सभा नेहमी शहाणपणाने वागायची असं नाही. एका वर्षी त्यांनी ठराव केला की शनिवारी गणवेश नको, जीन्स चालेल. उल्हासनगर शेजारी, तिथे जीन्सचे कारखाने गल्लोगल्ली, त्यामुळे अर्ध्या शाळेकडे जीन्स होती. मोठ्या बाईंनी सही केली. पहिला शनिवार जत्रेसारखा गेला. चौथ्या-पाचव्या शनिवारी माझ्या लक्षात आलं की वर्गात काही बाकं रिकामी राहतात. डोंगराकडच्या वाड्यांवरची मुलं शनिवारी येईनाशी झाली होती. त्यांच्याकडे शाळेच्या कपड्यांपलीकडे घालून येण्यासारखं फारसं काही नव्हतं. मी धावत मोठ्या बाईंकडे गेले. त्यांना ते दुसऱ्याच शनिवारी कळलं होतं. मग थांबवलं का नाही, असं मी जरा रागानेच विचारलं.

पुढच्या सभेत त्यांनी सगळ्या वर्गांचे हजेरीपट शेडखाली आणून ठेवले आणि म्हणाल्या, "शनिवारचे रकाने बघा आणि मला सांगा काय दिसतं." बारा मुलं त्या हजेरीपटांवर ओणवी झाली. मग दहावीतला तो मुलगा, ज्याने जीन्सचा विषय मांडला होता, त्यानेच उठून ठराव मागे घ्यावा असं म्हटलं. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

बाहेर पडताना त्या मला म्हणाल्या, "मी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. आणि फक्त ऐकायलाच शिकली असती."

मला ते पटलं, असं म्हणता येणार नाही. चार शनिवार मुलं घरी बसली त्याचं काय, हे माझ्या मनात राहिलंच. मी ते बोलूनही दाखवलं. त्यांनी ते मान्य केलं. म्हणाल्या, दुसऱ्या शनिवारीच हजेरीपट ठेवायला हवे होते, माझं चुकलं. मुख्याध्यापकाच्या तोंडून 'माझं चुकलं' मी पहिल्यांदा ऐकत होते.

त्यानंतरच्या वर्षी माझीच पाळी आली. गणिताच्या चाचणीचे पेपर वाटताना मी मार्क मोठ्याने वाचायचे. सगळ्यात जास्त मार्कांपासून सुरुवात आणि सगळ्यात कमी शेवटी. माझ्या लहानपणी आमच्या सरांनी हेच केलं होतं आणि मी घडले होते, अशी माझी समजूत. एका सोमवारी मला सभेच्या वहीतली नक्कल मिळाली. पुढच्या शनिवारी विषय होता, गणिताचे मार्क वर्गात वाचू नयेत. मला एवढा अपमान वाटला की मी राजीनामा लिहायला घेतला. मोठ्या बाईंच्या खोलीत गेले, ते त्या माझी बाजू घेतील या खात्रीने. त्यांनी शांतपणे सांगितलं की सभेला या, तुम्हालाही तीन मिनिटं मिळतील.

मी गेले. तीन मिनिटं बोलले, चांगलं बोलले. मग आठवीतली वनिता उभी राहिली. ती चिठ्ठीने आलेली. वाडीवरून चालत येणारी, वर्गात असून नसल्यासारखी मुलगी. तिचं नाव मी वर्षभर नेहमी शेवटच्या पाचांत वाचलं होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई माझं नाव घ्यायच्या आधी सगळी मुलं माझ्याकडं बघून ठेवतात. मग मला पेपरात काय चुकलं ते दिसतच नाय." एवढंच बोलून ती बसली. तिची अडीच मिनिटं उरली होती.

नऊ विरुद्ध तीन मतांनी ठराव झाला. मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं आणि भिंतीकडे बोट केलं. इतर मुख्याध्यापकांच्या खोलीत जिथे सत्काराचे फोटो आणि प्रमाणपत्रं असतात, तिथे त्यांनी चार कागद फ्रेम करून लावले होते. मी ते रोज बघत होते, पण कधी वाचले नव्हते. ते चारही ठराव त्यांच्याविरुद्ध झालेले होते. मोठ्या बाईंनी परिपाठात सहा मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. मोठ्या बाईंनी वर्ग चालू असताना मागच्या दाराने गुपचूप येऊ नये. मोठ्या बाईंनी आजारी असताना शाळेत येऊन सगळ्यांना खोकला देऊ नये. चौथा सगळ्यात जुना होता, कागद पिवळा पडलेला. मोठ्या बाईंनी मुलांना छडी मारू नये.

त्या चौथ्याकडे बघत त्या म्हणाल्या की तेव्हा त्यासुद्धा राजीनामा लिहायला बसल्या होत्या. छडी मारणाऱ्या मोठ्या बाई मला डोळ्यांसमोर आणताच येईनात. त्यांनी सांगितलं की त्या चांगल्याच मारायच्या. एका मुलाचं बोट सुजलं, आणि तो तक्रार करायच्या ऐवजी डाव्या हाताने लिहायला शिकला. ते बघून त्या घरी गेल्या आणि त्यांना जेवण गेलं नाही. सभा त्यांनी सुरू केली ती त्यानंतरच्या आठवड्यात, आणि सभेचा पहिला ठराव त्यांच्याच छडीवर झाला.

मी मार्क वाचायचे बंद केले. पेपर घडी घालून ज्याच्या त्याच्या हातात द्यायला लागले. वनिता लगेच हुशार वगैरे झाली नाही. पण पेपर घेऊन ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहायला लागली आणि इथे काय चुकलं ते दाखवा, असं म्हणायला लागली.

ती दहावीत असताना ते वेळापत्रकाचं प्रकरण झालं.

संस्थेला आमच्याच इमारतीत इंग्रजी माध्यम वाढवायचं होतं. मराठीचे वर्ग दरवर्षी रोडावत चालले होते, इंग्रजीला प्रवेशासाठी रांग. संस्थेने ठरवलं की दुपारची वेळ इंग्रजीला द्यायची आणि मराठी शाळा सकाळी पावणेसातला भरवायची. कागदावर त्यात काही वावगं नव्हतं. आम्हा शिक्षकांपैकी बऱ्याच जणांना तर ते बरंच वाटलं, दुपारी बाराला मोकळे. मोठ्या बाईंनी ते पत्र शनिवारच्या सभेत वाचून दाखवलं आणि खाली बसल्या.

वनिता तेव्हा चिठ्ठीने नाही, निवडून आली होती. ती म्हणाली की वाडीवरून पावणेसातला पोचता येणार नाही. दुसरं कुणीतरी म्हणालं, लवकर निघा. त्यावर वाद झाला. शेवटी सभेने ठरवलं की चालून बघायचं. मोजायचं. पुढच्या शनिवारी सभेतली पाच मुलं, मोठ्या बाई आणि मी, आदल्या दिवशी वाडीवर मुक्कामाला गेलो आणि पहाटे निघालो, बरोबर ज्या वेळी निघावं लागलं असतं त्या वेळी. वनिताच्या हातात माझं घड्याळ होतं. पायवाट उताराची, दोन्ही बाजूंना कारवी, मध्ये एक ओढा. पुढे वाडीवरच्या मुली रांगेत, एकमेकींच्या दप्तराला धरून. छप्पन वर्षांच्या मोठ्या बाई दोनदा घसरल्या. दुसऱ्यांदा वनिताने त्यांचा हात धरला तो डांबरी रस्ता येईपर्यंत सोडला नाही. मग आनंदनगरच्या कारखान्यांच्या भिंतींच्या कडेने चालणं. रात्रपाळी सुटलेले लोक समोरून येत होते, एक-दोघांनी मुलींकडे बघून काहीतरी म्हटलं. मुलींनी माना वर केल्या नाहीत. त्यांना त्याची सवय होती, हे मला तेव्हा कळलं. शेअर रिक्षा सुरू व्हायला अजून वेळ होता. आम्ही शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा पावणेसात वाजून गेले होते, आणि आम्ही निघालो होतो काळोखात.

संस्थेची बैठक शाळेच्याच हॉलमध्ये होती. मोठ्या बाईंनी मुलांसाठी पंधरा मिनिटं मागितली होती. अध्यक्ष सभ्य गृहस्थ, आवाज कधी चढू न देणारे. त्यांनी मुलांना प्रेमाने बसवलं, अभ्यास कसा चाललाय विचारलं आणि सांगितलं की अशा गोष्टी मोठ्यांनी बघायच्या असतात, सगळ्यांची सोय एकदम होत नाही. मी मोठ्या बाईंकडे बघितलं. त्या काही तरी बोलतील असं वाटलं होतं. त्या हाताची घडी घालून बसल्या होत्या आणि उजवा कान मुलांकडे होता.

वनिताने चालण्याचा हिशेब सांगितला. कुठून किती वाजता, ओढ्याशी किती, रस्त्याला किती. मग ती म्हणाली, "आमच्या वाड्यांवरनं अकरा पोरी येतात. एवढ्या काळोखात आमचे बा आमाला सोडणार नाय. आमी शाळा सोडू. तुमी ठराव करा, पण त्यात आमची नावं लिवा, म्हंजे कोणासाठी केला ते कळंल." आणि तिने अकरा नावं वाचली. सावकाश. बापाच्या नावासकट आणि इयत्तेसकट. शेवटचं नाव पाचवीतल्या मुलीचं होतं.

सचिव इतिवृत्त लिहीत होते. त्यांनी पेन उचलून धरलं आणि अध्यक्षांकडे बघितलं. नावं लिहायची का, असा तो प्रश्न होता. अध्यक्षांनी समोरचा कागद उलटा ठेवला. मग त्यांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

पुढच्या बैठकीत उलटं झालं. इंग्रजी माध्यमाची मुलं बहुतेक जवळपासच्या सोसायट्यांतली होती, त्यांना सकाळची वेळ दिली गेली. मराठी शाळा होती तशीच राहिली. त्या अकरा मुलींपैकी एकीनेही वेळेपायी शाळा सोडली नाही. ते कळलं त्या शनिवारी मुलांच्या सभेत टाळ्या वाजल्या, आणि मोठ्या बाईंनी टाळ्यांनंतर पुढचा विषय घ्यायला सांगितलं. पुढचा विषय पिण्याच्या पाण्याच्या नळाचा होता.

या सगळ्याची किंमत त्यांनी मोजली, हे मला त्या निवृत्त व्हायच्या थोडं आधी ऑफिसातल्या क्लार्ककडून कळलं. त्या बैठकीनंतर आठवड्याभरात त्यांना कारणे दाखवा नोटीस आली होती. विद्यार्थ्यांना संस्थेविरुद्ध चिथावलं, असा आरोप. तीन वेळा चौकशीला बोलावलं. ज्या निरोप समारंभाला संस्थेने शाल-श्रीफळ द्यायचं, त्याला संस्थेचं कुणी येणार नाही, हेही तेव्हाच ठरलं होतं. दीड वर्ष त्या हे एकट्या वागवत होत्या आणि शनिवारी शेडखाली मान हलवत बसत होत्या. मला फार वाईट वाटलं, रागही आला. मी मोठ्या बाईंना गाठून विचारलं की प्रत्येक गोष्ट सभेत ठेवणाऱ्या तुम्ही, हेच कसं मुलांना सांगितलं नाहीत. आमची पोरं तुमच्यासाठी उभी राहिली असती.

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी बोलायला उठताना त्यांनी आधी माझा विचार केला असता."

त्या निवृत्त झाल्या. नवीन हेडसर आले, माणूस वाईट नव्हता, पण घाबरट होता. त्याने पहिल्याच महिन्यात सभा तूर्त स्थगित केल्याची सूचना लावली. आम्ही चार शिक्षक खवळलो. जे पूर्वी थट्टा करायचे तेच आता पुढे होते. आम्ही संस्थेला द्यायला एक कडक निवेदन लिहिलं, विद्यार्थ्यांचा आवाज, विद्यार्थ्यांचा हक्क, सगळं त्यात घातलं, आणि मोठ्या बाईंना दाखवायला त्यांच्या बदलापूरच्या घरी घेऊन गेलो.

त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं. मग कागद माझ्याकडे परत देत विचारलं, "मुलांना विचारलंत?"

आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं. विचारलं नव्हतं. आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. निवेदन माझ्या पर्समध्येच राहिलं.

सोमवारी मी नववीवर तास संपायच्या पाच मिनिटं आधी पुस्तक मिटलं आणि सभेचं काय करायचं, असं विचारलं. वर्गात खसखस पिकली. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती म्हणाली की सगळ्या वर्गांची दोघं-दोघं मिळून गुरुवारीच हेडसरांना भेटून आली. सर म्हणाले, महिन्यातून एकदा भरवा. मुलांनी सांगितलं, दर पंधरा दिवसांनी तरी हवी. सर विचार करतायत, शुक्रवारपर्यंत सांगणार आहेत. नाही म्हणाले तर काय करायचं, तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं, पण ते ती सांगायला तयार नव्हती.

"आणि आम्हाला कुणाला बोलला नाहीत?" मी विचारलं.

"बाई, तुम्ही काळजी करत बसला असता," ती म्हणाली.

शुक्रवारी सर हो म्हणाले. मी संध्याकाळी मोठ्या बाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं की मुलांनी मागितलं ते मिळालं, की सरांनी दिलं ते. मी म्हटलं, मागितलं ते. "बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या घरचं कसं चाललंय ते विचारायला लागल्या. त्या दिवसापासून मी त्यांना शाळेच्या तक्रारी सांगायला फोन करत नाही. आम्ही भाज्यांबद्दल बोलतो, त्यांच्या गुडघ्यांबद्दल बोलतो. शाळेचं काही अडलं की मी वर्गात जाते आणि विचारते.